चौदा पत्र्यांचा समुद्र

२४ नोव्हेंबर

आणि वर त्याला मी कॉफी पाजली. ती पण दोनदा. बिस्किटांचा नवा डबा फोडला. वादळानंतर नऊ आठवडे वाट बघायला लावून विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, बुटांना चिखल लागू नये म्हणून टणाटण उड्या मारत आला. घरात अकरा मिनिटं होता, त्यातली सहा कॉफीत गेली. जाताना नावाआधी मानाचं 'दोन्या' लावून म्हणाला, "मग, दोन्या लुमी, कसं काय सगळं?" मी म्हटलं, "आहे बरं, देवाची कृपा." दुसरं काय म्हणणार? दारात आलेल्या परक्या माणसापुढे कोणी रडगाणं गातं का? माझ्या आईने तोंडात मारली असती.

तर त्या मेल्याने तेच लिहून घेतलं. काल पत्र आलं. मी बोट ठेवून दोनदा वाचलं. मालकिणीच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार सर्व ठीक आहे. भिंती स्वच्छ व नुकत्याच रंगवलेल्या आहेत. मागील खोलीवर वादळापूर्वी छप्पर असल्याचा पुरावा नाही.

छप्पर नव्हतं म्हणे. मग एकोणीस वर्षं मी कुठे झोपत होते, झाडावर?

ही वही मला मिस्सी ओदालिसने दिली. ती तीस वर्षं खालच्या शाळेत शिकवायची, आणि आमच्या माउनाबो गावात शाळेत शिकवलेल्या बाईला मरेपर्यंत मिस्सीच म्हणतात. आता तिच्याकडे वेगळा परवाना आहे. कंपनीचा सर्व्हेअर कंपनीच्या बाजूने बघतो, तसा आपल्या बाजूने बघणारा सर्व्हेअर आपण नेमायचा असतो. तो मोजतो, लिहितो, कंपनीशी भांडतो, आणि पैसे आले तर दहावा हिस्सा घेतो. नाही आले तर काही घेत नाही. हे मला प्रोवीने सांगितलं. प्रोवी माझी कोमाय, तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता म्हणून उभी होते. मी म्हटलं, भांडायला मला दुसरी बाई कशाला लागते? प्रोवी म्हणाली, "कोमाय, तू भांडतेस ते गल्लीला ऐकू जातं. तिचं कंपनीला ऐकू जातं."

मिस्सी म्हणाली रोज लिहा. कोण आलं, काय बोललं, घराला काय झालं. कंपनी विसरते, कागद विसरत नाही. मी चौथीत शाळा सोडली हे तिला माहीत आहे. म्हणाली, चौथीपर्यंतचं पुरे.

२६ नोव्हेंबर

मिस्सी शिडी घेऊन आली. साठीची बाई, पण मांजरीसारखी चढते. प्रत्येक भिंतीवर बोटाचं पेर वाजवून कान लावून ऐकत होती, जणू आत कोणी राहतं. मग खुर्चीत बसली.

मला विचारलं, पाण्याची रेघ कुठे आहे. मी म्हटलं, घासली. बुरशी? क्लोरीनने काढली. ओल्या गाद्या, फुगलेलं कपाट? जाळलं, आणि वर घराला रंग दिला. नाताळ येतोय, लोक गाणी म्हणत दारात येतील, त्यांना काय बुरशी दाखवू?

ती हसली नाही. म्हणाली, "दोन्या लुमी, तुमचे गुन्हे दोन. आलेल्या माणसाला बरं आहे म्हणालात हा एक. दुसरा गुन्हा क्लोरीन."

मी म्हटलं, मग मी घाणीत बसून राहायला हवं होतं का? तर म्हणते, हो, आठवडाभर बसायचं आणि फोटो काढायचे. मी म्हटलं तुमच्या घरी बसा तसं. मी कॉफी केली. मला दुसरं काही सुचत नाही.

भिंतींचं ती बघणार आहे, ओल मोजायचं यंत्र आहे तिच्याकडे. रंगाच्या मागे पाणी अजून आहे म्हणते, बोलत नाही एवढंच. खरी अडचण मागच्या खोलीची. विम्याच्या कागदात खोली आहे, पण छपराबद्दल अक्षर नाही. आता तिथे निळी ताडपत्री आहे. ताडपत्री पुढच्या जूनपर्यंत, वाऱ्याचे दिवस सुरू होईपर्यंत टिकेल. मग ती गेली की भिंती जातील, आणि मागच्या भिंती गेल्या की पुढचं घर धरून ठेवायला काही नाही. मग मी समुद्रापार ऑर्लांडोला, पुतणीच्या सोफ्यावर. मी तिथे एकदा चार दिवस राहिले आहे. खिडक्या उघडत नाहीत.

मिस्सीने विचारलं छप्पर कशाचं होतं. पत्रे, चौदा. कुठे गेले? वाऱ्याने नेले, कुठे जाणार, टपालाने?

"वारा लांब नेत नाही," ती म्हणाली. "ते इथेच कुठेतरी आहेत. तुमचे पत्रे तुम्ही ओळखाल का?"

मी म्हटलं, झोपेत ओळखीन.

२९ नोव्हेंबर

पाऊस. घराच्या ज्या खिडकीतून मी भजी विकते ती उघडली नाही. पावसात खेकड्याची भजी खायला रस्त्यावर कोण येतं. दुपारी मागच्या खोलीत जाऊन आडवी झाले. ताडपत्रीतून उजेड येतो तो निळा होऊन येतो. हात निळा, चादर निळी, भिंत निळी. पाणी वर साचून हलतं आणि त्याची सावली भिंतीवरून फिरते. कोणीतरी घर उचलून बंदराच्या तळाशी ठेवलंय असं वाटतं. आवाज पण तसाच, लांबचा. मी किती वेळ पडले होते कोण जाणे. उठले तेव्हा पाऊस थांबला होता आणि वर एक बेडूक चालत होता, त्याची पावलं खालून दिसत होती.

मिस्सी म्हणाली पत्र्यांबद्दल आठवेल ते लिहा. लिहिते.

फेर्मिनने ते खालून रंगवले होते. फेर्मिन माझा नवरा. आहे कुठेतरी कनेक्टिकटला. बंदरात तो लोकांच्या होड्या रंगवायचा, त्यातला उरलेला रंग डब्याडब्याने घरी यायचा. मला त्या वेळी दिवस गेले होते आणि डॉक्टरने चार महिने पाठीवर पडून राहायला सांगितलं होतं. उठायचं नाही, जड उचलायचं नाही, रागवायचं नाही. रागवायचं नाही म्हणे, मला. खोली नवी होती, छप्पर घालायचं होतं. त्याने पत्रे अंगणात पसरले आणि बसवायच्या आधी एकेकावर काही ना काही काढलं, म्हणजे मला वर बघायला काहीतरी होईल. मासे, दीपगृह, बगळे, जाळं, पाऊस. गिचमिड सगळी. बगळ्याचे पाय मोजायला गेलं तर तीन.

त्या वेळचं पुढे काही झालं नाही. ते इथे लिहायची गरज नाही, विम्याचा त्याच्याशी संबंध नाही.

२ डिसेंबर

पहिला पत्रा सापडला. कास्तोच्या शेळ्यांवर.

कास्तो आमच्या वरच्या अंगाला राहतो. त्याचा कोंबडा आणि माझी ओव्याची कुंडी यावरून आम्ही सहा वर्षं बोलत नाही. मी कुंपणातून वाकले तर तो आलाच. म्हणे, "वाऱ्याने टाकलं ते ज्याच्या अंगणात पडलं त्याचं. बापजाद्यांचा नियम आहे, तुला माहीत नाही?" नियम मला माहीत आहे. माझ्या अंगणात कोणाचीतरी पाण्याची टाकी पडली ती मी पण वापरतेच आहे. मी म्हटलं मला पत्रा नको, मला बघायचाय. तो म्हणाला, बघायचा म्हणजे?

मग बरोबर आलेली मिस्सी पुढे झाली. कास्तोलाही तिने शिकवलं आहे. त्याने टोपी काढली. सहा फूट माणूस टोपी हातात घेऊन शेळ्यांमध्ये उभा.

आम्ही वाकून आत शिरलो. शेळ्यांच्या डोक्यावर माझे पिवळ्या पट्ट्यांचे मासे. रंगाची बाजू आत ठेवली होती. मी कास्तोला विचारलं, असं का लावलंस? तर म्हणे, "मग काय पावसाला दाखवू? यांनी तरी बघावं."

मिस्सीने स्क्रूची भोकं भिंगातून बघितली, बाजूला पट्टी धरून फोटो काढले. जुना, गंजलेला पत्रा आपोआप पडतो तेव्हा भोक गोल असतं आणि कडा भुगा होऊन गळते. वाऱ्याने ओढला तर भोक एका बाजूला लांबतं, डोळ्यासारखं. हे लांबट होतं, सगळी एकाच दिशेला. म्हणाली, "हे बघा, हे पुरावा म्हणून कंपनीच्या टेबलावर ठेवू. पत्रा राहू दे इथेच. जिथे आहे तिथेच त्याचा फोटो हवा."

कास्तोने जाताना मला अंडी दिली. त्याच कोंबड्याच्या कोंबड्यांची.

५ डिसेंबर

फिरून पायाचे तुकडे पडले. तीन पत्रे खालच्या गॅरेजवर. एक नदीच्या पुलापाशी, दुमडून पुस्तकासारखा झालेला, आत दीपगृह. एक बंदरात लिबोरिओच्या होडीवर सावलीला. त्याने मला ओळखून नुसती मान हलवली. तो रंग त्याच्याच होडीचा होता म्हणे, सगळ्यात आधी.

आणि एक कोमाय प्रोवीच्या न्हाणीला दार म्हणून! मला न सांगता दोन महिने ती माझ्याच जाळ्याआड अंघोळ करते आहे आणि मला मिस्सीचा पत्ता देते आहे. मी म्हटलं, लाज नाही वाटली? म्हणते, "कोमाय, तू त्या पत्र्यांकडे बघून उसासे टाकतेस, म्हणून म्हटलं नजरेआड राहू दे." मी कधी उसासे टाकत नाही. मला दमा आहे.

६ डिसेंबर

भजी. काही झालं नाही.

९ डिसेंबर

मधल्या दिवसांत आणखी चार सापडले, आज बारावा बघितला. परत कास्तोकडेच, पण घरात. शेळ्यांवरचा दाखवला आणि हा लपवला होता. त्याची आई चौऱ्याण्णवची, तीन वर्षं अंथरुणावर. तिच्या खोलीचंही छप्पर गेलं होतं, आणि वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्याने जो हाताला लागला तो पत्रा तिच्या खाटेवर घातला.

त्या पत्र्यावर माझी कासवीण आहे. माझ्या उशीच्या बरोबर वर असायची. मार्चमध्ये आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात तसली, मोठी, काळी, पाठीवर कण्यासारख्या रेघा. फेर्मिनने तिचा एक डोळा एवढा मोठा काढला होता की चार महिने ती मलाच बघत होती. मी उठू शकत नव्हते, ती पोचू शकत नव्हती.

म्हातारी म्हणाली, "ही रोज थोडी पुढे सरकते. परवा त्या खिळ्यापाशी होती." मिस्सीने मापं घेतली. म्हातारीने माझा हात धरून ठेवला होता आणि झोपली. हात सोडवायला अर्धा तास गेला. बाहेर कास्तो उभा होता, म्हणाला, हवा असेल तर मी उतरवून देतो, नियम गेला खड्ड्यात.

मी म्हटलं, हात तर लावून बघ.

घरी येईपर्यंत माझ्या नाकात टर्पेंटाइनचा वास होता. कुठून येत होता कळलं नाही. कोणी रंग लावत नव्हतं.

१२ डिसेंबर

तेरा झाले. चौदावा नाही. समुद्रात गेला असणार.

मिस्सीने स्वयंपाकघरात सगळे फोटो मांडले. मी तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात केला होता, ती दोनदा घेते पण एक शब्द चांगला म्हणत नाही, फक्त ताट पुढे करते. तिने मला विचारलं, दारापासून खिडकीपर्यंत क्रम सांगा. मी सांगितला. चौदावा कुठला? मी म्हटलं, पलंगाच्या डाव्या बाजूवरचा. फेर्मिनच्या बाजूचा. त्यावर काय होतं? 

मला आठवेना. एकोणीस वर्षं त्याखाली राहून आठवेना. मी माझ्या वरचं बघायचे, कासवीण. त्याच्या बाजूला बघायचं म्हणजे मान वळवावी लागायची. तो गेल्यावर मधे सरकता आलं असतं, पण मी अजून माझ्याच कडेला झोपते. सवय.

मिस्सीने चष्मा काढून पुसला. ती चष्मा पुसते तेव्हा काहीतरी वाईट येतं. म्हणाली, कंपनी म्हणेल हे कोणाचेही जुने पत्रे आहेत, कोणीही रंगवले असतील. आपल्याला ज्याने छप्पर घातलं त्याचं प्रतिज्ञापत्र हवं. नोटरीसमोर. किती पत्रे, कधी, कुठले स्क्रू, आणि कुठल्या पत्र्यावर काय काढलं होतं, फोटो न बघता. त्याचं लिहिणं आणि आपले फोटो जुळले की कंपनीला तोंड उघडता येणार नाही. आठ जानेवारीला ती सगळं बांधून पाठवणार.

मी म्हटलं, प्रोवी सांगेल, लिबोरिओ सांगेल.

"त्यांनी पाहिलं. काढलं एकाने."

मी म्हटलं, त्या माणसाला मी काही मागणार नाही. पाहिजे तर छप्पर नको.

ती म्हणाली बरं. आणि ताट पुढे केलं.

१३ डिसेंबर

मागणार नाही म्हणजे नाही. अकरा वर्षं झाली. होड्या रंगवायला कोणी उरलं नाही म्हणून गेला, सहा महिन्यांत येतो म्हणाला. मला म्हणाला होता, चल. मी म्हटलं मी माझं घर सोडून बर्फात मरायला येणार नाही. तो म्हणाला मग बोलव तेव्हा येईन. मी काय त्याला बोलवायला बसले होते? मला भजी तळायची असतात.

तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, दुपारी फोन वाजतो दर वर्षी. मी उचलत नाही. वाजून वाजून थांबतो. प्रोवी म्हणते उचल ना, कोणीतरी मेलं असेल. मी म्हणते मेला असता तर दर वर्षी वाजला नसता.

१६ डिसेंबर

आजपासून नाताळपर्यंत चर्चमधल्या पहाटेच्या प्रार्थना, मिस्सा, सुरू. पाच वाजता घंटा, धुकं इतकं की पुढचा माणूस नुसता आवाज. सगळे गात जातात आणि गाणं आपल्या आधी चर्चमध्ये पोचतं. येताना उजाडत होतं. टेकडीवरून खाली बघितलं तर आमची सगळी वाडी निळी, घरागणिक ताडपत्री, धुक्याच्या वर आलेली, आणि इकडे तिकडे एकेक तुकडा चमकत होता. कोणाच्या खुराड्यावर, कोणाच्या चुलीवर. मला वाटलं माझं घर फुटलं नाही, लांब पसरलंय, इतकंच. सगळे माझ्या छपराखाली झोपलेत. मग कास्तोचा कोंबडा ओरडला आणि मी शुद्धीवर आले.

मिस्सी माझ्या बाजूने चालत होती. विचारलं मी तिला, पत्र पाठवायला तुम्हाला फेर्मिनचा पत्ता लागेल ना. ती म्हणाली, "माझ्याकडे आहे. तो दर सप्टेंबरला मला पत्र पाठवतो, वाऱ्याच्या दिवसांत घर नीट आहे का विचारायला. या वेळी दोन पाठवली." मी तिथेच उभी राहिले. मागून येणारे माझ्यावर आदळले. मी विचारलं हे आधी का नाही सांगितलंत? म्हणे, "तुम्ही विचारलं नाहीत. आलेल्या माणसाला तुम्ही सगळं बरं आहे सांगता."

१८ डिसेंबर

मिस्सी म्हणाली पत्र आधी वहीत लिहा, मग चांगल्या कागदावर उतरवा. ती शुद्धलेखन बघणार होती. मी दाखवणार नाही.

फेर्मिन,

मी लुमी. तब्येत विचारायला लिहीत नाही. वादळात मागच्या खोलीचं छप्पर गेलं. कंपनी म्हणते नव्हतंच. तू नोटरीकडे जा आणि शपथेवर लिही की चौदा पत्रे तू घातलेस, कुठल्या वर्षी, कुठल्या स्क्रूंनी. आणि दारापासून खिडकीपर्यंत कुठल्या पत्र्यावर काय काढलं होतंस ते क्रमाने लिही. मी काही सांगणार नाही, तुला आठवतं का तेच बघायचंय. मिस्सीला बघायचंय. तेरा सापडलेत. बगळ्याला तीन पाय आहेत हे तू कबूल करायचंस.

चौदावा सापडला नाही. तुझ्या बाजूचा. त्यावर काय होतं ते मला माहीत नाही, मी कधी मान वळवून बघितलं नाही. ते नीट लिही. दोन ओळी जास्त झाल्या तरी चालतील.

मला बरं नाही. घर बरं नाही. ताडपत्री जूनपर्यंत टिकेल. पैसे आले तर छप्पर घालायला माणूस लागेल आणि इथले सगळे चोर आहेत.

कागद आठ तारखेला मिस्सीच्या हातात पाहिजे, शिक्क्यासह. फोनवर सांगितलेलं कंपनीला चालत नाही. तरी मला उत्तर सहा जानेवारीला हवं. सहाला दुपारी फोन कर, तू तसाही करतोस. या वेळी मी भजी सकाळीच तळून ठेवीन. येतोस की नाही ते त्या दिवशी सांग, नंतर सांगितलेलं मी ऐकणार नाही.